त्या कॅसिओमागेही रेगेच होतं
'कॅसिओच्या कीबोर्डने डान्सहॉलमधला (जमैकाच्या रेगे संगीतातून निघालेल्या नाचगाण्यांतला) जीव काढून घेतला' असं काहीजण म्हणतात, ते मत मला मुळीच पटत नाही. १९८५ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये निर्माता किंग जॅमीने गायक वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं कॅसिओच्या एमटी-४० कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर काढलं आणि पुढे वादकांची कामं कमी झाली, हे खरं. पण वादक बोलावणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांनाही गाणी करता येऊ लागली. मला हे फार मोलाचं वाटतं.

शिवाय एक गोष्ट सांगतो: एमटी-४० मधला तो तयार ठेका हिरोको ओकुदा या तरुण जपानी संगीतकार मुलीने बसवला होता, आणि कॅसिओत लागण्याआधी तिने प्रबंध लिहिला होता तो रेगेवर! कीबोर्डवर त्या ठेक्याचं नाव मात्र 'रॉक' होतं. जॅमीने त्याची लय संथ केली, तेव्हा त्यातलं रेगे वर आलं.