डान्स क्लासच्या नियमांचा कागद लिहायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमच्या डान्स स्टुडिओत नवीन बॅच सुरू होते आहे. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी देता येईल असा, क्लासमध्ये कसं वागावं हे सांगणारा कागद तयार करायचं काम ताईंनी माझ्याकडे दिलंय. बॅले, कंटेम्पररी, हिप-हॉप आणि साल्सा, सगळं एकाच हॉलमध्ये चालतं. लहान मुलं आहेत, तसे चाळिशीनंतर शिकायला आलेलेही आहेत. जुना कागद आहे, पण त्यात नुसतं 'हे करू नये, ते करू नये' आहे. तो वाचून नवखा माणूस बिचकतो आणि जुना माणूस तो वाचतच नाही. मला प्रत्येक नियमाला त्याचं कारण जोडायचंय. बऱ्याच ठिकाणी ते जमलं, काही ठिकाणी गाडी अडली आहे.

जमलेलं आधी सांगते. बाहेरचे बूट-चपला फ्लोअरवर आणायच्या नाहीत, कारण तळव्याला चिकटून येणारी बारीक खडी व्हिनाइलवर ओरखडे पाडते आणि गिरकी घेताना पायाखाली आली की तोल जातो. क्लासच्या आधी पायांना तेल किंवा लोशन लावायचं नाही, कारण ते फ्लोअरवर उतरतं आणि घसरतो तो आपल्यानंतर त्या जागी येणारा. मोठे कानातले, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवायच्या. च्युइंगम नको, उडी मारताना घशात अडकू शकतं. एवढं कुणालाही पटतं.

उशिरा येण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिलंय, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे दारातून थेट आत न शिरता तिथेच थांबायचं, चालू असलेली रचना संपू द्यायची, ताईंनी मान हलवली की भिंतीच्या कडेने जायचं. नाचणाऱ्यांच्या आणि आरशाच्या मधून नाही. ही झाली शिस्त. दुसरी गोष्ट शरीराची आहे. वॉर्म-अप चुकलेल्या माणसाला ताई त्या दिवशी उड्या मारू देत नाहीत, कधी कधी बसून बघायला सांगतात. पुष्कळांना ती शिक्षा वाटते. थंड स्नायूंवर एकदम जोर पडला तर दुखापत होऊ शकते म्हणून त्या अडवतात, हे कागदावर ठळक यायला हवं. बसून बघणं म्हणजे मोबाइल बघणं नव्हे, हेही.

जागेचा नियम नव्यांना सगळ्यात अवघड जातो. बॅलेच्या बारला (भिंतीलगतचा दांडा) नवीन मुलगी हमखास अगदी टोकाला जाऊन उभी राहते. तिचा हिशोब बरोबर असतो, सगळे पुढे आहेत, त्यांचं बघून करता येईल. मग उजव्या बाजूचा व्यायाम संपतो, सगळे वळतात, आणि टोकाची ती एकदम सगळ्यांच्या पुढे येते. समोर बघायला कुणी नाही. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघवत नाही. म्हणून मी सरळ लिहिलंय: नवीन असाल तर मधे उभे राहा, दोन्ही बाजूंना जुना विद्यार्थी राहील असे.

तसंच हॉलच्या एका टोकाकडून दुसरीकडे नाचत जायचं असतं तेव्हाचं. आधीच्या गटाला ताईंनी सांगितलेले काउंट (तालाचे मोजलेले ठोके) पुढे जाऊ द्यायचं, मग निघायचं. चुकलं तरी मधेच थांबायचं नाही, चालत का होईना कडेपर्यंत पोचायचं, कारण मागून पूर्ण वेगात माणसं येत असतात. परतायचं ते भिंतीच्या कडेने.

आता अडलेल्या गोष्टी.

पहिली, जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांना शिकवणं. भावना चांगली असते. पण ताई बोलत असताना शेजारी कुजबुजत हात सरळ करून दिला जातो, आणि नवख्या माणसाला दोन वेगवेगळ्या सूचना मिळतात. साल्सात तर जोडीदारच शिकवू लागतो. हे मन न दुखवता कसं लिहावं?

दुसरी, स्पर्श. चूक सुधारताना शिक्षक खांदा, कंबर, गुडघा धरून जागेवर आणतात. काहींना त्याने पटकन समजतं, काहींना नको असतं आणि बोलायचं धाडस होत नाही. 'नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे' हे लिहायचंच आहे, पण प्रत्यक्षात ते कसं सोपं करता येईल?

तिसरी, व्हिडिओ. सरावासाठी शेवटचं रेकॉर्डिंग उपयोगी पडतं हे मान्य. पण मागच्या रांगेतली माणसंही त्यात येतात, मुलंही येतात, आणि संध्याकाळी ते कुणाच्या तरी स्टेटसवर असतं. शिवाय रचना ताईंची. 1886 पासूनच्या बर्न कराराच्या (लेखक-कलाकारांच्या कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) आजच्या मसुद्यात, दुसऱ्या कलमातल्या संरक्षित कलाकृतींमध्ये नृत्यरचनाही आहेत, म्हणजे हा नुसता शिष्टाचाराचा विषय नाही.

चौथी, पालकांनी आत बसावं की नाही.

ज्यांनी असे कागद लिहिलेत किंवा जे स्वतः क्लासला जातात त्यांनी कृपया मदत करा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

मी जोडीनृत्य शिकवतो. आमच्याकडे वाक्य असं आहे: 'जोडीदाराला सुधारू नका, स्वतःची स्टेप सुधारा. काही जुळत नसेल तर दोघांनी मिळून शिक्षकांना विचारा.' 'दोघांनी मिळून' महत्त्वाचं, त्यामुळे चूक एकावर येत नाही. अपवाद एकच, हात पिरगळला जात असेल किंवा दुखत असेल तर तिथल्या तिथे बोलायचं. जोडीदार बदलण्याबद्दलही लिहा. सगळे आळीपाळीने सगळ्यांबरोबर नाचतात, त्यात कुणाला नाक मुरडायचं नाही. ज्याला खरंच कुणाबरोबर नाचायचं नसेल त्याने आधी शिक्षकांना सांगावं, कारण देण्याची सक्ती नाही. आणि घामासाठी जादा टी-शर्ट व छोटा टॉवेल. हे समोर बोलायला सगळे लाजतात, म्हणून कागदावर असलेलं बरं. उग्र अत्तर मारून येणं हा त्यावर उपाय नाही.

प्रतिसाद

स्पर्शाबद्दल. प्रवेशाच्या फॉर्मवर एकदा सही घेऊन विषय संपवू नका ही कळकळीची विनंती. आज चालतं ते उद्या चालेलच असं नाही, दुखापत असते, दिवस वेगळा असतो. माझ्या शिक्षिका दर वेळी 'हात लावून दाखवू का?' एवढंच विचारतात. नको म्हटलं की स्वतःच्या अंगावर दाखवतात, किंवा मलाच माझा हात कमरेवर ठेवून हाडाची दिशा ओळखायला लावतात. त्यात जराही वेळ जात नाही. हा नियम विद्यार्थ्यांच्या कागदावर आहे तसा शिक्षकांच्याही असू द्या, नाहीतर सगळा भार नको म्हणणाऱ्या मुलीवर पडतो. आणि जुनी दुखणी क्लास सुरू व्हायच्या आधी शिक्षकांना सांगायची, हे वर पाहिजे, शेवटी नको.

प्रतिसाद

मुलगी क्लासला जाते म्हणून पालकांच्या बाजूने लिहितेय. मी आत बसले की ती प्रत्येक स्टेपनंतर माझ्याकडे बघते, शिक्षकांकडे नाही. त्यामुळे आत न बसणं मला पटलंय. पण दार बंद आणि आतलं काहीच दिसत नाही, हे कुठल्याच पालकाने मान्य करू नये. आमच्याकडे दाराला काच आहे आणि ठरावीक दिवशी पालकांना बोलावून वर्ग दाखवतात. दोन्ही असेल तर तक्रार राहत नाही. काचेतून खुणा करायच्या नाहीत, हे मात्र पालकांच्या कागदावर मोठ्या अक्षरात हवं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. 'दोघांनी मिळून' हे जसंच्या तसं घेतेय. स्पर्शाबद्दल ताईंशी बोलले, त्या लगेच तयार झाल्या. शिक्षकांचा वेगळा कागद होईल आणि तो विद्यार्थ्यांच्या कागदाशेजारीच भिंतीवर लागेल. दाराला काच बसवण्याचं विचारतेय.

व्हिडिओचा मसुदा असा झालाय: 'रेकॉर्डिंग फक्त क्लासच्या शेवटी, ताईंनी सांगितल्यावर. ज्यांना कॅमेऱ्यात यायचं नाही त्यांना बाजूला व्हायला आधी वेळ द्यायचा. व्हिडिओ स्वतःच्या सरावापुरता. बाहेर टाकायचा असेल तर ताईंची आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची परवानगी, मुलांच्या बाबतीत पालकांची, आणि रचनाकार म्हणून ताईंचं नाव.' लहान मुलांच्या बॅचमध्ये रेकॉर्डिंग पूर्ण बंद ठेवावं असं मला वाटतंय, पण घरी सराव कशावरून करणार असं पालक विचारतात. फक्त ताई एकट्याच करून दाखवताहेत असा व्हिडिओ पालकांना पाठवला तर? असं कुणी करत असेल तर अनुभव सांगा, कागद छापायला जायच्या आधी तेवढा मुद्दा पक्का करायचाय.