कुरळ्या केसांची पोरं आणि रविवारची सकाळ: तुमचे अनुभव लिहा

रविवारी सकाळी आमच्या इमारतीत दोन आवाज हमखास येतात. खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या आणि आमच्या न्हाणीतून लेकीची बोंब. ती सहा वर्षांची. केस ओले असले की पाठीच्या मध्यापर्यंत, वाळले की थेट खांद्यावर. घरात बाकी सगळे सरळ केसांचे. सासऱ्यांचे म्हणे कुरळे होते, पण मी त्यांना पाहिलं ते टक्कल पडल्यावरच. शिकवणार कोण?

माझं आधी सांगते. दोन वर्षं मी तिचे केस वाळल्यावर, बारीक दातांच्या कंगव्याने, टाळूपासून खाली विंचरत होते. वरची गाठ ढकलत नेली की ती खालच्या गाठीला जाऊन मिळते आणि दोन्हींची मिळून एक घट्ट गोळी होते, हे कळायला मला दोन वर्षं आणि तीन कंगवे लागले. आता केस ओले आणि कंडिशनरने बुळबुळीत असतानाच विंचरते. कंगवा मोठ्या दातांचा, सुरुवात टोकापासून. चार बोटं सुटले की चार बोटं वर. बट वरून मुठीत घट्ट धरते, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. बोंब अजून येते, पण ती डोळ्यांत फेस गेल्याची.

स्वतः करून पाहिलेलंच लिहा. फसलेलं तर नक्की लिहा.
(पाचपाखाडी, ठाणे)

---

ताई, आधी पाणी बघा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, बोअरच्या पाण्याचा. बादलीला पांढरा थर, शाम्पूला फेस नाही, आणि मुलाचे केस धुतल्यावर जास्तच राठ. मी तीन शाम्पू बदलले. मग आठवडाभर बहिणीकडे नेरूळला राहिलो. तिथे मोरबे धरणाचं पाणी. शाम्पू तोच, मुलगा तोच, केस मात्र मऊ! आता उन्हाळ्यात शेवटचे दोन तांबे प्यायच्या फिल्टरच्या पाण्याचे ओतते. सासूबाईंना ते पाप वाटतं. वाटू दे.
(घोडबंदर रोड)

---

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. केस सरळ येणार की कुरळे, हे कातडीखालच्या मुळाच्या आकारावर ठरतं, वस्तरा फक्त वरचं कापतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी नातीचं जावळ काढल्यावर सगळे म्हणाले, "परत एकदा फिरवा, सरळ येतील," आणि मी गप्प बसले. दुसऱ्यांदा आले ते पहिल्यापेक्षा कुरळे.

तेलाचं मात्र ऐका. टाळूवर सुटणारं तेल सरळ केसावरून खाली उतरतं. कुरळ्या केसाला इतकी वळणं की ते टोकाला पोचतच नाही. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं काथ्यासारखी. आपण खोबरेल थापतो नेमकं टाळूवर! मी तळहातावर चार थेंब घेऊन फक्त टोकांना लावते, न्हायच्या आदल्या रात्री. शिकेकाई सोडली. माझ्या केसांना चालली, तिचे कोरडे पडले.
(नौपाडा, एक आजी)

---

शाळेच्या डायरीत शेरा आला: "केस नीट विंचरून पाठवावेत." मी खाली लिहिलं: "विंचरूनच पाठवले आहेत."

त्याआधी वर्षभर दोन वेण्या अशा करकचून घालायचे की तिच्या भुवया वर जायच्या. मग कानशिलापाशी केस विरळ दिसायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओढून बांधल्यामुळे. आता वेण्या सैल. बटा सुटतात, सुटू देते.
(कोपरखैरणे)

---

उवांबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मी. कुरळ्या केसांत फणी फिरतच नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध लावलं, उवा मेल्या, मी निर्धास्त. दीड आठवड्यात परत खाज. लिखा साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून औषध सांगितलेल्या दिवशी पुन्हा लावायचंच असतं. कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. फणी भरपूर कंडिशनर लावून, एकेक बट घेऊन. दीड तास, दोन कार्टून सिनेमे.
(सीवूड्स)

---

घरात केसांचं खातं माझ्याकडे आहे, कारण बायकोची लोकल ७.१२ची. पावसाळ्यात दमट हवेने केस पिंजतात, तेव्हा जवसाचं जेल करतो. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच, सतत ढवळायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की गरम असतानाच गाळायचं. पहिल्यांदा मी थंड होऊ दिलं, तर गाळणीतून थेंब पडेना, चमचा काढला तर अख्खं पातेलं चमच्याबरोबर वर! दुसऱ्यांदा जमलं, फ्रिजमध्ये वाटी ठेवली, आणि आईने साबुदाण्याची पेज समजून चाखली. आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून मुठीत चुरायचं, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती टी-शर्टने नुसतं टिपायचं.
(ऐरोली, एक बाबा)

---

मुलगा आठ वर्षांचा. वर्गात त्याला 'साईबाबा' म्हणतात. सलूनवाला दर वेळी विचारतो, "बारीक करून टाकू?" एकदा मी हो म्हटलं. घरी येऊन तो आरशापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आता मला कुणीच काही म्हणणार नाही." खूश होऊन म्हणाला की वाईट वाटून, मला अजून कळलं नाही. परत वाढवतोय.
(कळवा)

---

ऐरोलीचे बाबा, जवस आणायला जांभळी नाक्याला निघाले आहे. गाळणी कुठली घ्यायची तेवढं सांगा.
(पाचपाखाडी)

---

गाळणी नको. लेकीचा जुना नायलॉनचा मोजा. धुतलेला.
(ऐरोली, एक बाबा)