मदत हवी आहे : 'द सिक्रेट हिस्टरी'चा उत्तरार्ध

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आमच्या वाचनगटात डोना टार्टच्या 'द सिक्रेट हिस्टरी' (१९९२) या कादंबरीवर मला बोलायचंय. ज्यांनी वाचली आहे त्यांची मदत हवी आहे. खाली कथानक उघड होतंय, वाचायची राहिली असेल तर इथेच थांबा.

व्हरमाँटमधलं छोटं कॉलेज, ग्रीक शिकणारी मोजकी, बहुतेक पैशात वाढलेली मुलं. त्यांच्यातल्या बनीला त्याच्याच मित्रांनी मारलं हे पहिल्याच पानांत कळतं. आमच्या वाचनगटातल्या दोघी म्हणतात, "पहिल्या भागाच्या शेवटी खून होऊन जातो, मग पुढची एवढी पानं कशाला?" मला तीच पानं खरी कादंबरी वाटतात, पण का, ते धड सांगता येत नाहीये.

मी अडकलेय ती रिचर्डपाशी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या मुलापाशी. वडिलांचा पेट्रोल पंप, आणि हा सांगतो संत्र्याच्या बागा. छताला भोक असलेल्या खोलीत अख्खा हिवाळा कुडकुडत काढतो, न्यूमोनिया होतो, पण कुणापुढे तोंड उघडत नाही. शेवटी त्या मुलांपैकी हेन्रीच त्याला दवाखान्यात नेतो. मी तालुक्याहून पुण्यात होस्टेलला आले तेव्हा बाबांची पिठाची गिरणी मुलींना 'फॅक्टरी' म्हणून सांगितली होती. घरून आलेल्या पिशवीला पिठाचा वास यायचा, म्हणून ती कॉटखाली अगदी आत सरकवून ठेवायचे.

त्यामुळे बनी रिचर्डला त्याच्या कपड्यांवरून, शाळेवरून टोचायला लागला की माझ्याच पोटात गोळा यायचा. आणि तो दरीत पडला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं, बऱ्याच पानांनंतर, त्याच्या आईवडिलांच्या घरी. अंत्यविधीत हेन्री मूठभर माती खड्ड्यात टाकतो आणि तोच चिखलाचा हात नकळत स्वतःच्या पांढऱ्या शर्टावरून ओढतो. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं, त्या रात्री पुढे वाचवलं नाही.

तर विचारायचंय ते असं : रिचर्ड बनीच्या खुनात त्यांना सामील होतो तो हेन्रीच्या उपकारापोटी, की आपलं खोटं उघडं पडेल या धास्तीने? मला दुसरं वाटतं, पण हे पुस्तकात आहे की माझ्या होस्टेलच्या दिवसांतून मी तिथे नेतेय? आणि बनीच्या मरणाने तुम्हालाही आधी सुटल्यासारखं झालं का? कृपया खरं सांगा.

मोठ्याने वाचायला मी तो शर्टाचा प्रसंग काढून ठेवलाय. उत्तरार्धातला याहून चांगला उतारा आठवत असेल तर शनिवारपर्यंत नक्की कळवा.