पुण्यातल्या मिझो मुलीला "चायनीज" समजण्यावर हलकीफुलकी शॉर्ट फिल्म, कशी जमवायची?

चित्रवेडी:
मंडळी, दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म लिहितेय. मुलगी मूळची मिझोरामची, राहते पुण्यात, दिवसभर तिला कुणी नेपाळी समजतं कुणी चायनीज, रिक्षावाले काका इंग्लिशमधून भाडं सांगतात, रूम बघायला गेली की काकू आधी "तुमच्यात काय काय खातात" विचारतात. २०२० च्या मार्चमध्ये नॉर्थ-ईस्टच्या मुलामुलींना रस्त्यात "कोरोना" म्हणून चिडवलं गेलं ते आठवलं की संताप येतो, पण मला रडकी फिल्म नाही करायची. अडचण ही की जिथे हशा येतो तिथे हसं तिचंच होतंय.

तिसरी_घंटा:
ॲडम डेव्हिडसनची 'द लंच डेट' बघ, १९९१ ची ऑस्कर मिळालेली शॉर्ट, दहाच मिनिटांची. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एक गोरी बाई सॅलड टेबलावर ठेवून काटा आणायला जाते, येऊन बघते तर एक काळा माणूस सॅलड खातोय, ती चिडून त्याच्याच प्लेटमधून खायला लागते आणि तो बिचारा उलट तिच्यासाठी कॉफी घेऊन येतो. शेवटी कळतं की तिचं सॅलड आणि पिशव्या शेजारच्या टेबलावर जशाच्या तशा आहेत. खरी गंमत काय, तोवर आपणही तिच्याइतकेच फसलेलो असतो. तुझ्यात प्रेक्षक पहिल्या शॉटपासून शहाणा आहे, त्याला फसव की. सुरुवातीला मुलगी दाखवूच नको, नुसता फोनवरचा आवाज, अस्सल पुणेरी मराठी, काकू एकदम खूश, "या या, आजच या". दार उघडल्यावर काकू तिच्या खांद्यावरून मागे बघतायत, ती मराठी मुलगी कुठे राहिली म्हणून.

गणपा:
फोनची आयडिया भारी आहे, पण नुसत्या काकूंवर सगळं ढकलू नका. पेपे डांकवार्टची जर्मन शॉर्ट आहे 'श्वार्त्सफारर', १९९४ ची ऑस्कर. बर्लिनच्या ट्राममध्ये म्हातारी शेजारच्या काळ्या तरुणाला वाट्टेल ते बोलते, अख्खा डबा गप्प, मग चेकर आल्यावर तो शांतपणे तिचं तिकीट खाऊन टाकतो. हसायला येतंच, पण मला त्या गप्प बसलेल्यांचे चेहरेच जास्त लक्षात राहिले. जिन्यात एखादा शेजारी उभा करा ना, सगळं ऐकून कुलूप लावून निघून जाणारा.

मीरा_के:
आणि प्लीज मिझो मुलीच्या रोलला मिझो मुलगीच घ्या. २०१४ मध्ये मेरी कोमच्या रोलला प्रियांका चोप्रा घेतली तेव्हा मणिपूरमध्ये किती जण दुखावले होते. चेहऱ्यावरूनच सगळा प्रकार घडतो तर तिथे मेकअप कसा चालेल? स्क्रिप्टही आधी तिला वाचायला द्या, कुठे हसायचं ते तिला जास्त कळेल.

चित्रवेडी:
फोनची सुरुवात पक्की, शेजारीही घेतला. रिक्षाचा सीन काढतेय, तिथे नुसतीच टर उडत होती. आता पुण्यात वाढलेली, घडाघडा मराठी बोलणारी मिझो मुलगी हवीये, ॲक्टिंग आधी केलेली नसली तरी चालेल, मानधन देणार आहे. कुणाच्या ओळखीत असेल तर तिला विचारून मला व्यनि (खाजगी मेसेज) करा.