विजेच्या खांबावर केबल कंपनीचा हक्क असावा का?

तारेवरचा:
अमेरिकेत खासगी वीज कंपनीच्या खांबावर केबल टाकण्याचं भाडं मनमानी असू नये, म्हणून १९७८ मध्ये कायदा झाला. १९९६ मध्ये त्यात भर पडली: नुसतं भाडं वाजवी असून भागणार नाही, भेदभाव न करता जागाही द्यायची. मला हे पटतं. एकाच रस्त्यावर खांबांची दुसरी रांग कोण उभी करणार? मग ज्याचा खांब, त्याच्या हाती बाकीच्यांच्या नाड्या. माझा आक्षेप वेगळाच आहे. नगरपालिकांचे आणि सहकारी वीज संस्थांचे खांब या केंद्रीय कायद्याच्या बाहेर आहेत. ही सूट रद्द व्हावी.

सबस्टेशन:
मुळात कायद्यालाच माझा विरोध आहे. हिशेब बघा. खांब साडेसदतीस फुटांचा धरतात, त्यात तारा बांधायला साडेतेरा फूट. केबलला त्यातला एक फूट, म्हणून भाडं ७.४ टक्के. जमिनीत गाडलेल्या सहा फुटांचा खर्च कोणाच्या बिलात? विजेच्या ग्राहकाच्या.

तारेवरचा:
नाही हो. ७.४ टक्के हे अख्ख्या खांबाच्या वार्षिक खर्चाचे असतात, गाडलेल्या भागासकट.

सबस्टेशन:
बरं, तसं. पण गाडलेला भाग सगळ्यांना सारखाच लागतो, मग त्याची वाटणी डोईमागे का नको? शिवाय विजेच्या तारा आणि केबल यांच्यात ४० इंच रिकामे ठेवावे लागतात. खांबावर नुसत्या विजेच्या तारा असत्या तर ती जागा सोडावी लागली नसती. तरी ती वीज कंपनीच्याच खात्यावर धरतात.

पानशेंडी:
४० इंचांचा मुद्दा बिनतोड आहे. बाकी मालमत्ता हिरावल्याची ओरड जुनीच. फ्लोरिडातली एक वीज कंपनी ती घेऊन कोर्टात गेली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली.

लाइनमन_निवृत्त:
कोर्टाचं राहू द्या. प्रत्येक तार म्हणजे वाऱ्याचा आणि बर्फाचा वाढीव भार. हक्क आहे म्हणून लटकवत गेलात तर वादळात खांब आडवा होतो, आणि रात्री शिडी घेऊन जातो तो वीज कंपनीचा माणूस.

तारेवरचा:
काका, म्हणूनच जागा नसेल किंवा सुरक्षेला धोका असेल तर नकार देण्याची मुभा कायद्यातच आहे. मात्र नकाराचं कारण सांगावं लागतं. नुसतं ‘बघू’ म्हणून फाइल दाबून ठेवता येत नाही.

नवी_जोडणी:
तुम्ही सगळे वीज कंपनीवर बोलताय. आज अडवणूक बऱ्याचदा खांबावर आधीच बसलेले करतात. नव्या तारेसाठी जुन्या तारा वरखाली सरकवाव्या लागतात, आणि पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या सवडीनं माणूस पाठवायची. प्रतिस्पर्ध्यासाठी घाई कोण करेल? नॅशव्हिल शहरानं नियम केला की एकाच ठेकेदारानं एका फेरीत सगळ्यांच्या तारा सरकवाव्यात. त्याविरुद्ध कोर्टात गेलं कोण? टेलिफोन कंपनी एटी अँड टी आणि केबल कंपनी कॉमकास्ट! २०१७ मध्ये तो नियम रद्द झाला. कॉमकास्ट तर कधीकाळी खांबावर जागा द्या म्हणून रडणाऱ्या केबल उद्योगातलीच. पुढच्याच वर्षी केंद्रीय दूरसंचार आयोगानं साध्या कामांपुरता तसाच नियम काढला, पण १९७८ च्या कायद्याखाली येणाऱ्या खांबांसाठीच.

सबस्टेशन:
म्हणजे आता पाहुणाच घर अडवून बसलाय. यात तरी आपलं जमलं.

सहकार_सभासद:
मूळ मुद्द्यावर या. सहकारी संस्थेचा खांब सभासदांचा. नफा खाणारा मालक तिथे नाहीच. विरळ वस्तीत मैलभर तारेमागे ग्राहक मोजकेच, म्हणून खांबाचा माणशी खर्च जास्त. त्यात केबल कंपनीला स्वस्त जागा द्यायची, म्हणजे सभासदांनी तिचा धंदा पोसायचा. ही सूट विचारपूर्वक दिलेली आहे.

तारेवरचा:
पण नीट इंटरनेट नाही म्हणून ताटकळणारेही तेच सभासद आहेत. बरं, भाडं संस्थेनं ठरवावं. माझी मागणी जागा आणि मुदत एवढ्यापुरती ठेवतो: अर्जाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर. हे तरी चालेल?

सहकार_सभासद:
मुदत चालेल. खांब बदलावा लागला तर पैसे जागा मागणाऱ्यानं द्यायचे, हेही त्यात लिहा.

नवी_जोडणी:
आधीच कुजलेल्या खांबाचेसुद्धा?