मदत हवी आहे: नवीन एक्स८७०ई मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्ड एक्स१६ ऐवजी एक्स८ वरच (१६ ऐवजी ८ लेनवर, लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा) चालतंय, बोर्ड परत करू का?

रेंडरवाला_सांगली
मंडळी जरा अर्जंट आहे. मशीन नवीन बांधलं, बोर्ड महागातला घेतला, १८+२+२ फेज (वीज पुरवणारे भाग), पाच एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा), मागे दोन यूएसबी४, खोक्यावर सगळं मोठमोठ्या अक्षरांत. चालू झालं व्यवस्थित पण जीपीयू-झेडमध्ये (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बस इंटरफेसच्या रकान्यात "एक्स१६ ४.० @ एक्स८ १.१" येतंय. कार्ड तीनदा काढून बसवलं, पट्ट्या खोडरबरने पुसल्या, काही फरक नाही. दुकानदार सात दिवसांत बदलून देतो, आज पाचवा दिवस. तुळशीचं लग्न झालं की माझं लग्नाच्या व्हिडिओंचं काम सुरू होतं, तेव्हा खोळंबून चालणार नाही. बोर्ड खराब आहे ना?

पेठेतला_गेमर
बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आधी. माझ्याकडे असंच झालं होतं, अपडेट केलं आणि गेलं.

सोल्डरगन
दादा, प्रोसेसर कुठला, कार्ड कुठलं, एसएसडी किती आणि कुठल्या कुठल्या स्लॉटमध्ये आहेत ते लिहा. ४.०, १.१ हे जोडणीच्या पिढीचे, म्हणजे वेगाचे आकडे; १.१ चं टेन्शन घेऊ नका, कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला वेग खाली आणतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावा, मग खरा आकडा दिसेल.

जुनाट_पीसी
म्हणून मी सांगत असतो इंटेल घ्या. कोअर अल्ट्रा २०० मध्ये प्रोसेसर ते चिपसेट (बोर्डवरच्या बाकी जोडण्या सांभाळणारी चिप) रस्ता ४.० चा एक्स८ आहे, तुमच्याकडे एक्स४. दुप्पट!

रेंडरवाला_सांगली
बायोस नवाच आहे, केलं ते कालच. टेस्ट लावली, आता "एक्स८ ४.०" दाखवतंय, म्हणजे एक्स८ राहिलंच की. प्रोसेसर ९९५०एक्स आहे, कार्ड जुन्या मशीनमधलं ४०९०. एसएसडी दोन आहेत पण त्या मस्त चालतायत, त्यांचा इथे काय संबंध?

सोल्डरगन
तिथेच संबंध आहे. दुसरी एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये आहे का, कार्डच्या खालच्या मोठ्या हीटसिंकखाली?

रेंडरवाला_सांगली
हो. तिथे जेन५ (५.० पिढी) लिहिलंय म्हणून तिथेच लावली.

सोल्डरगन
मग बोर्ड खराब नाही. प्रोसेसरकडून वापरायला २४ लेन मिळतात: १६ कार्डला, ४ पहिल्या एम.२ ला, आणि उरलेल्या ४. चिपसेटच्या ४ वेगळ्या. एक्स८७०ई वर यूएसबी४ द्यायलाच लागतो, तो बहुतेक बोर्डांत त्या उरलेल्या ४ वर बसवतात. मग दुसरा जेन५ स्लॉट द्यायचा कुठून? कार्डच्या १६ मधून. तिथे एसएसडी लावली की कार्ड एक्स८ वर येतं. मॅन्युअलमध्ये एम.२ च्या तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप असते, ती बघा. महाग बोर्ड घेताना फेज मोजण्याआधी ब्लॉक डायग्राम बघायचा, कुठल्या स्लॉटची लेन कुठून येते ते तिथेच कळतं.

पेठेतला_गेमर
एवढे पैसे घालून अर्धं कार्ड? बी मालिकेतला स्वस्त बोर्ड घेऊन उरलेल्यात मॉनिटर आला असता. ९९५०एक्सला १८ फेज कशाला?

कोकणी_कोडर
नाही पटलं. हे तासनतास एक्सपोर्ट लावणार, मे महिन्यात सांगलीत खोली तापलेली असते. फेज जास्त असल्या की प्रत्येकीवर भार कमी, हीटसिंक गार राहतं. मॉनिटरचा विषय कुठून आला?

वायरमन_७२
मी तर म्हणेन चांगला यूपीएस घ्या आधी, आमच्याकडे लाईट जाऊन जाऊन एक हार्डडिस्क गेली. अर्थिंग तपासून घ्या.

रेंडरवाला_सांगली
यूपीएस आहे हो काका. सोल्डरगन दादा, तळटीप सापडली, पान ११ वर, डोळे फोडून वाचायची. आता करू काय? ५०९० (नवीन पिढीचं कार्ड) ची सोय होत नाही इतक्यात.

सोल्डरगन
दुसरी एसएसडी जेन४ आहे का? असेल तर चौथ्या स्लॉटमध्ये टाका, तो चिपसेटवरचा असेल, तक्त्यात बघून घ्या. तिथे ४.० चा एक्स४ मिळतो म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, तुमची एसएसडी तेवढीच पळते. फक्त चिपसेटवरच्या सगळ्यांना मिळून तेवढाच रस्ता आहे, त्यामुळे तिथल्या दोन एसएसडींमधून एकदम वाचायला लावलं तर मंद वाटेल. कार्ड नवीन पिढीचं असतं तर काहीच करायला सांगितलं नसतं, ५.० चा एक्स८ म्हणजे ४.० चा एक्स१६ च. तुमचं ४०९० मात्र ४.० वालं, त्याची रुंदी खरंच निम्मी झाली. गेममध्ये दोन-तीन टक्क्यांचाच फरक असतो, पण फुकट मिळतंय तर सोडू नका.

जुनाट_पीसी
लेन हव्या तर एएमडीचा मोठा प्रोसेसर थ्रेडरिपर, ४८ लेन ५.० च्या.

कोकणी_कोडर
त्याचा बोर्ड आणि रॅमचा खर्च कोण देणार?

रेंडरवाला_सांगली
झालं!! चौथ्यात टाकली, स्क्रू पण लागला नाही, खिट्टी फिरवली की बसते. कार्ड काढताना मात्र ते बाजूचं बटण लई कामाला आलं, आधीच्या बोर्डवर खटका दाबायला पट्टी घालायला लागायची आणि हाताला ओरखडे. आता "एक्स१६ ४.०" दाखवतंय. बोर्ड परत करत नाही. एकच अजून, रॅमच्या ३२ जीबीच्या दोन स्टिक आहेत, आणखी दोन टाकू का?

सोल्डरगन
नका. दोन स्टिकला या प्रोसेसरचा अधिकृत वेग ५६००, चार लावल्या की ३६००. पुढे-मागे लागलीच तर ४८ च्या दोन घ्या, या दोन विकून टाका. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते, मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅम जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून बटण दाबू नका.

रेंडरवाला_सांगली
पहिल्या दिवशी मी नेमकं तेच केलं होतं, दोनदा बंद केलं मधेच. बरं, दोनच राहू देतो. लई आभार दादा.