चिखलदऱ्याला बिऱ्हाड हलवायचे झाल्यास घरच्या दोन कुत्र्यांचे काय करावे?

संत्राबाग (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. आमची संत्र्याची बाग आहे आणि उरलेल्या वावरात कपाशी व तूर असते. मी आरोग्य सेविका असून माझी नेमणूक चिखलदरा तालुक्यात होण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास पावसाळा सुरू होण्यापूर्वी यजमान, मुलगी आणि मी असे तिघे तिकडे जाऊ. मामाजी (सासरे), आत्याबाई (सासूबाई), भासरे (थोरले दीर) आणि जाऊबाई गावीच राहतील, कारण बाग सोडून सगळ्यांनी निघणे शक्य नाही. होकार देण्यापूर्वी ज्या गोष्टींचा विचार करते आहे, त्यांत घरची दोन कुत्री ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

शेरू म्हातारपणाकडे झुकलेला गावठी कुत्रा आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरतात म्हणून मामाजी रात्री जागलीला जातात आणि शेरू त्यांच्याबरोबर मचाणाखाली बसतो. दिवसा मात्र तो माझ्या मागे असतो. मी शेजारच्या गावी लसीकरणाला निघाले की तो नाल्यापर्यंत येतो, मी पलीकडे गेल्याचे पाहतो आणि मगच परत फिरतो. दुसरी चिमणी. एसटीच्या थांब्याजवळ सापडलेले हे पिल्लू मुलीने घरी आणले, दुधात भाकरी कुस्करून वाढवले, आणि आता ती मुलीच्या बाजेखालीच झोपते. दोन्ही कुत्री एकमेकांना सोडून राहिलेली नाहीत.

माझे प्रश्न असे. दोघांना न्यावे, दोघांना येथेच ठेवावे, की एकाला नेऊन एकाला ठेवावे? चिखलदऱ्याला बिबट्या कुत्री उचलतो असे सर्वजण सांगतात, त्यात तथ्य किती आणि त्यावर उपाय कोणता? तिथला पाऊस व थंडी आपल्या आखूड केसांच्या गावठी कुत्र्यांना सोसते का? यजमानांच्या मनात पुढेमागे तिकडे थोडी जमीन घेऊन कायमचे राहण्याचा विचार आहे, त्यामुळे हा निर्णय थोड्या दिवसांपुरता नाही.

गाविलगडच्या पायथ्याशी

ताई, मी चिखलदरा तालुक्यातच राहतो आणि माझ्याकडे कुत्री आहेत, म्हणून बिबट्याबद्दल आधी लिहितो. तुम्ही ऐकलेले खरे आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सर्वप्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे आणि वाघाखेरीज बिबट्या, अस्वल, रानकुत्री, रानगवे असे सगळेच प्राणी येथे आहेत. वाघ सहसा वस्तीत येत नाही. बिबट्या येतो, आणि त्याला वस्तीत सर्वांत सहज मिळणारे भक्ष्य म्हणजे कुत्रा. हे केवळ आमच्याकडचे नाही. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, जिथे जंगल नसून ऊसशेती आहे, तिथे झालेल्या अभ्यासातही बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला होता.

उपाय एकच आणि तो कडकपणे पाळावा लागतो. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रा चार भिंतींच्या आत, दार लावून ठेवायचा. अंगणात नाही, ओसरीवर नाही, कुडाच्या आडोशालाही नाही. पुष्कळ लोकांना वाटते की साखळीने बांधला म्हणजे कुत्रा सुरक्षित झाला. प्रत्यक्षात बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि लढताही येत नाही, त्यामुळे तो मोकळ्या कुत्र्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. रात्री त्याला लघवीसाठी बाहेर न्यावे लागलेच तर हातात बॅटरी घेऊन, दोरी धरून, दाराजवळच न्यावे. उरलेले अन्न घराभोवती टाकू नये, कारण त्यावर भटकी कुत्री व डुकरे जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो.

आता तुमच्या शेरूविषयी. ज्या कुत्र्याचे सगळे आयुष्य रात्री जागण्यात गेले आहे, त्याला अंधार पडताच कोंडून घेणे हे त्याच्या दृष्टीने कामावरून काढून टाकण्यासारखे आहे. बाहेर चाहूल लागली की तो दार ओरबाडील, भुंकेल, आणि आपण दार उघडले नाही म्हणून बेचैन होईल. चिमणीची गोष्ट वेगळी आहे. ती आधीच घरात, बाजेखाली झोपते. तिच्यासाठी घर बदलेल, रात्र बदलणार नाही.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो. इकडची बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ अ प्रमाणे ती बिगर-आदिवासी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. कोणी तोंडी व्यवहार सुचवल्यास त्यात पडू नका. आधी भाड्याच्या घरात पावसाळा आणि हिवाळा काढून पाहा.

पशुवैद्यक, अचलपूर भाग

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी प्रकृतीच्या बाजूने लिहितो.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आर्वीच्या मानाने हवा साधारण पाच अंशांनी थंड. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, बाकी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा कुत्र्यांचे जे हाल होतात, ते तिकडे पुष्कळ कमी होतील. उंचीचाही त्रास नाही, कारण विरळ हवेचा प्रश्न याच्या दुपटीहून अधिक उंचीवर सुरू होतो. त्रास असेल तो ओलाव्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस धुके आणि पाऊस असतो, अंग वाळत नाही, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत बुरशी धरते. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पाय, पोट आणि कानामागचा भाग पुसणे हे तेथे जेवण घालण्याइतकेच आवश्यक समजावे. झोपण्यासाठी जमिनीवर गोणपाट टाकू नये, ते ओल धरते. फळीवर किंवा जुन्या बाजेवर जाड कापड द्यावे. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे थंडीत आखडतात, म्हणून शेरूला न्यायचे ठरल्यास आधी त्याची तपासणी करून घ्या.

लसीकरण निघण्याच्या किमान महिनाभर आधी पूर्ण करा, कारण लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे जातात. रेबीजची लस दरवर्षी द्यावीच. त्याशिवाय डिस्टेंपर, पार्व्हो (हे दोन्ही विषाणूंमुळे होणारे आजार) आणि लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस द्यावी. लेप्टो हा उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून पसरतो आणि माणसालाही होतो, हे तुम्ही आरोग्य खात्यात असल्याने जाणताच.

डिस्टेंपरविषयी थोडे अधिक लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण जंगलाशेजारी कुत्रे पाळणारे फारच थोडे लोक याचा विचार करतात. हा विषाणू कुत्र्यांपुरता राहत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटी भागात त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही तपासणीत हाच विषाणू आढळला होता. मेळघाटातले वाघ, बिबटे आणि रानकुत्री यांना तो आपल्या कुत्र्याकडून पोहोचू शकतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३ अ मध्ये अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद याच काळजीपोटी आहे. म्हणून चिमणीला लस द्या, तिला जंगलात मोकळी सोडू नका, आणि तिची नसबंदी झाली नसेल तर निघण्यापूर्वी करून घ्या. ही जंगलाचीही काळजी आहे.

गोचीड दोन्हीकडे आहेत. गोचिडांमुळे होणारा ताप सुरुवातीला केवळ सुस्तीसारखा दिसतो. कुत्र्याने दोन वेळा अन्न टाळले आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. घाटातून परतवाड्याला उतरण्यास वेळ लागतो, हे ध्यानात ठेवूनच तिकडे आजार लवकर ओळखावा लागतो.

कारंजा (घाडगे) येथील शेतकरी

माझे मत स्पष्ट आहे. शेरूला हलवू नये. त्याचे मचाण, त्याचे वावर आणि त्याचे धनी येथे आहेत. वय झालेल्या माणसाच्या रात्रीच्या सोबतीचा कुत्रा काढून नेणे हे मामाजींवरही अन्याय करणारे होईल. रानडुकराची चाहूल आपल्याआधी कुत्र्याला लागते, आणि त्या भरवशावरच आम्ही जागल करतो. मुलगी लहान असेल तर चिमणीला जरूर न्या. नवीन गाव, नवीन शाळा असताना घरचे एक ओळखीचे जनावर सोबत असण्याने लेकराला मोठा आधार होतो.

कांगड्यातून परतलेला

मी नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात राहिलो आहे, त्यामुळे डोंगरातल्या कुत्र्यांविषयी थोडे लिहितो. तेथील गद्दी मेंढपाळांची कुत्री कळपाबरोबर उघड्यावर झोपतात आणि बिबट्या मानेला धरतो म्हणून त्यांच्या गळ्यात खिळे असलेला लोखंडी पट्टा घालतात. येथील काही जण तसा पट्टा मागवण्याचा सल्ला देतील. परंतु ती कुत्री दाट केसांची, थोराड, पिढ्यान्‌पिढ्या त्या कामासाठी जोपासलेली असतात आणि बहुधा एकटी नसतात. आपल्या सडपातळ गावठी कुत्र्याला पट्टा घालून अंगणात ठेवणे म्हणजे खोट्या भरवशावर राहणे होय. बंद दाराला पर्याय नाही.

कुत्र्याचा जीव माणसात असतो की जागेत, हा तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेला मुद्दा आहे. २०१५ मध्ये जपानमधील संशोधकांनी दाखवले की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, जे आई आणि बाळ यांच्यातील मायेशी निगडित आहे. आपल्याला अधिक जवळचे काम कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे आहे. तेथील संशोधकांनी रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की अनोळखी माणसावर त्यांचा विश्वास बसतो तो खाऊ घालण्यापेक्षा डोक्यावरून हात फिरवल्याने अधिक. यावरून मला असे वाटते की चिमणीच्या दृष्टीने मुलगी जिथे असेल तेच घर ठरेल. शेरूचे मात्र दोन धनी आहेत, रात्रीचा एक आणि दिवसाचा एक, आणि त्याला कोणत्याही बाजूने निवडले तरी काही गमवावे लागणार आहे. जिथे त्याचे कमी जाईल तिथे त्याला ठेवावे.

चिमणीला नेताना तिचे अंथरूण न धुता न्या, ओळखीच्या वासाने ती लवकर स्थिरावते. गाडीची सवय नसल्यास आधी उभ्या गाडीत बसवून खाऊ घाला, मग गावातल्या गावात फेरी मारा. घाटात वळणे पुष्कळ आहेत, त्यामुळे पोट रिकामे ठेवून पहाटे निघा. उन्हाळ्यात उभ्या बंद गाडीत तिला क्षणभरही सोडू नका. तिकडे पोहोचल्यावर पहिले काही आठवडे दोरीशिवाय बाहेर नेऊ नका, कारण बावरलेला कुत्रा जुन्या घराच्या शोधात निघतो आणि डोंगरात वाट चुकलेला कुत्रा सापडणे अवघड असते.

संत्राबाग (आर्वी तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे प्रतिसाद मामाजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, शेरूला न्यायचे असेल तर ने, मी अडवणार नाही. त्यांनी असे म्हटल्यावरच माझा निर्णय पक्का झाला की शेरू त्यांच्याजवळ राहील. मला ते सोपे जाणार नाही, पण पाच अंश थंड हवेपेक्षा त्याला त्याची रात्र अधिक प्रिय आहे हे मला पटले. चिमणी आमच्याबरोबर येईल. मुलीला शेरूबद्दल अजून सांगितलेले नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. दोन्ही कुत्र्यांची ताटातूट एकदम करावी की हळूहळू? आणि दिवसा मी नसताना शेरू कोणामागे जाईल?

कांगड्यातून परतलेला

हळूहळू करावी. आत्तापासून दोघांना थोडा वेळ वेगळे फिरवा आणि वेगळ्या ठिकाणी जेवण द्या. शेरूचे सकाळचे खाणे जाऊबाईंच्या हातून सुरू करा, तेही तुम्ही घरी असतानाच, म्हणजे तुमचे जाणे आणि ताटातला बदल एकाच दिवशी येणार नाहीत. खाण्यानंतर त्यांनी थोडा वेळ त्याच्याजवळ बसून त्याच्या अंगावरून हात फिरवावा. निघण्याच्या दिवशी त्याला मामाजींनी वावरात घेऊन जावे. दिवाळीला किंवा त्याआधी सुटीत गावी याल तेव्हा चिमणीलाही आणा, कुत्री एकमेकांना विसरत नाहीत.

गाविलगडच्या पायथ्याशी

घर पाहायला याल तेव्हा दुपारी न येता संध्याकाळपर्यंत थांबा आणि काळोख पडल्यावर घराभोवतीचा उजेड, मागची झुडपे आणि दाराच्या कड्या पाहून घ्या. संडास घराबाहेर असेल तर ते घर घेऊ नका, कारण रात्री प्रत्येक वेळी दार उघडावे लागेल आणि चिमणी मुलीच्या मागे बाहेर धावेल. मागचे दार पत्र्याचे असेल तर खालची फट विटांनी बुजवून घ्या. नेमणुकीचे गाव कळवल्यास तेथे पक्के घर कोणाकडे रिकामे आहे याची चौकशी मी करीन.